एकाच ट्रेवर दोन रीडिंग: नॅनोट्यूब घातलेल्या पीपीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

भोसरी एमआयडीसीतला मध्यम आकाराचा इंजेक्शन मोल्डिंगचा कारखाना आणि वाहनांची इलेक्ट्रॉनिक सर्किट जोडणारा चाकणचा त्याचा ग्राहक, या दोघांमधलं हे प्रकरण आहे. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत आणि आकडे गोल केले आहेत.

वस्तू साधी: पीसीबी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटचे बोर्ड, ठेवायचा काळा ट्रे. ३६० बाय २४० मिलिमीटर, वजन सुमारे २३० ग्रॅम, तळाची जाडी २.२ मिलिमीटर. बोर्ड उभे राहावेत म्हणून आत पट्ट्यांचे कप्पे आहेत. या पट्ट्या गेटपासून, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक मोल्डमध्ये शिरतं त्या तोंडापासून, सर्वांत लांबच्या टोकाला १.४ मिलिमीटरपर्यंत पातळ होतात. हा पातळ भाग ध्यानात ठेवावा, सगळं प्रकरण तिथेच घडलं.

बोर्डवरचा स्थिर विद्युतभार ट्रेमधून हळूहळू निघून जावा, एवढीच ट्रेकडून अपेक्षा असते. एएनएसआय/ईएसडी एस५४१ या मानकात १० हजार ओहमच्या खाली पृष्ठरोध असेल तर वस्तू वाहक, १० हजार ओहम ते १०० गिगाओहमच्या दरम्यान असेल तर भार विसर्जित करणारी आणि त्यावर असेल तर रोधक धरतात. ग्राहकाने ड्रॉइंगवर यापेक्षा अरुंद पट्टा दिला होता: १ लाख ओहम ते १ गिगाओहम.

आधी हे ट्रे अँटिस्टॅटिक द्रव्य मिसळलेल्या पीपीचे (पॉलिप्रोपिलीन प्लास्टिकचे) होते. हे द्रव्य पृष्ठभागावर येतं आणि हवेतली वाफ धरून ठेवतं. त्या ओलाव्याच्या थरातूनच भार वाहतो. जुलैत पुण्याच्या हवेत ते ट्रे छान चालले. मार्चच्या कोरड्या दुपारी तेच ट्रे नापास होऊ लागले. मग कारखान्याने कार्बन नॅनोट्यूबची, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म वाहक नळ्यांची, वाट धरली. पुरवठादाराकडून २० टक्के नॅनोट्यूब असलेला पीपी मास्टरबॅच (साध्या दाण्यात मिसळायचा दाट दाणा) घेतला. २५ किलोच्या मिश्रणात २.५ किलो मास्टरबॅच आणि २२.५ किलो साधा पीपी दाणा, म्हणजे ट्रेमध्ये वजनाने २ टक्के नॅनोट्यूब. मिश्रण ड्रममध्ये फिरवून थेट हॉपरमध्ये, म्हणजे मशीनच्या दाणा टाकायच्या नरसाळ्यात, टाकायचं. सँपल पास झाले, पहिले तीन लॉटही गेले.

अडचण

चौथा लॉट परत आला. गेटजवळच्या तळावर रोध ३ ते ८ लाख ओहम होता, त्याला कुणाचीच हरकत नव्हती. लांबच्या टोकाच्या पट्ट्यांवर मात्र काही ट्रे ५० मेगाओहम, काही २० गिगाओहम, तर काहींवर मीटरचा काटा सरळ टोकाला जात होता. एकाच ट्रेवर दोन कप्प्यांत दहाच्या चार-पाच घातांचा फरक पडत होता.

कारखान्याच्या नोंदीत याच लॉटची सगळी रीडिंग पास होती. पर्यवेक्षक आणि ग्राहकाच्या गुणवत्ता अभियंता यांच्यातलं फोनवरचं बोलणं साधारण असं झालं:

"मॅडम, आमच्याकडे लांबच्या कप्प्यातसुद्धा अर्ध्या मेगाओहमच्या वर काही जात नाही. प्रत्येक लॉटचे पाच ट्रे आम्ही तपासतो."

"दादा, तुमचा मीटर कुठला आहे? आणि किती व्होल्टवर लावता?"

"मेगर आहे, पाचशेचा."

खरी दिशा या एका उत्तरात होती. पण ती लगेच कुणी पकडली नाही. दोन्ही बाजूंना वाटलं की समोरच्याचा मीटर बिघडला आहे. दोन्ही मीटर कॅलिब्रेशनला जाऊन आले आणि दोन्ही बरोबर निघाले. यात दहा दिवस गेले.

पहिला, चुकलेला उपाय

त्या दहा दिवसांत उत्पादन थांबवता येत नव्हतं. रात्रपाळीत सर्वांना सुचणारा मार्ग धरला गेला: मास्टरबॅच वाढवा. २.५ किलोच्या जागी ३.१ किलो, म्हणजे नॅनोट्यूब २.५ टक्क्यांच्या जवळ.

याने गेटजवळचा तळ ६० ते ९० हजार ओहमवर उतरला आणि ड्रॉइंगच्या खालच्या मर्यादेने नापास झाला. लांबच्या पट्ट्यांवरची बहुतेक रीडिंग सुधारली, पण दहात दोन ट्रे अजूनही १ गिगाओहमच्या वर होते. एकच ट्रे एका टोकाला जास्त वाहक आणि दुसऱ्या टोकाला जास्त रोधक ठरला. दाणा महाग झाला आणि रिजेक्शन वाढलं.

असं का झालं ते समजायला नॅनोट्यूबचं वागणं पाहावं लागतं. पीपी स्वतः उत्तम रोधक आहे. वीज वाहते ती फक्त एकमेकींच्या जवळ आलेल्या नळ्यांच्या साखळीतून. नळ्यांनी एकमेकींना टेकायलाच हवं असं नाही. मध्ये एक-दोन नॅनोमीटर पॉलिमर असला तरी इलेक्ट्रॉन टनेलिंगने पलीकडे जातो, पण अंतर वाढलं की हा प्रवाह घातांकी वेगाने घटतो. ओढ्यात टाकलेल्या दगडांसारखं हे आहे. दगड थोडे असतील तर चार पावलं टाकून थांबावं लागतं. एका ठरावीक संख्येला पहिल्यांदा या काठापासून त्या काठापर्यंत वाट जुळते. नॅनोट्यूबच्या बाबतीत या प्रमाणाला पर्कोलेशनचा उंबरठा म्हणतात. उंबरठ्याच्या जरा वर वाहकता अत्यंत चढ्या उताराने वाढते, आणि पुढे हा उतार सपाट होत जातो.

उंबरठ्यावरच्या वाहकतेचा साधा नियम असा: प्रत्यक्ष प्रमाण उंबरठ्याच्या जेवढं वर असेल त्याच्या सुमारे वर्गाच्या पटीत वाहकता वाढते. समजा उंबरठा १.५ टक्क्यांवर आहे. २ टक्क्यांवर तुम्ही अर्ध्या टक्क्याने वर आहात. मोल्डिंगमध्ये साखळी मोडल्याने उंबरठा १.९ वर सरकला, तर तुम्ही फक्त ०.१ ने वर राहता. ०.५ वरून ०.१ ही ५ पट घट आहे, वर्ग केला की २५ पट. तेच सरकणं ३ टक्क्यांवर असताना झालं, तर १.५ ऐवजी १.१ उरतात आणि वाहकता दुपटीपेक्षाही कमी घटते. आणि उंबरठा २ च्या पलीकडे गेला तर २ टक्क्यांच्या ट्रेमध्ये साखळीच उरत नाही. हे आकडे समजण्यासाठी घेतले आहेत. प्रत्यक्ष उंबरठा दाण्याचा ग्रेड, नळ्यांची लांबी आणि मिसळण्याची पद्धत यांवर ठरतो. पण उताराचा आकार असाच असतो.

ग्राहकाने मागितलेला १ लाख ते १ गिगाओहमचा पट्टा नेमका या कड्यावर येतो. नॅनोट्यूबने या पट्ट्याच्या मधोमध स्थिर राहणं अवघड असतं, हे दोघांनी आधी समजून घेतलं असतं तर पुढची बरीच धावपळ टळली असती.

तपासणी: मीटर आधी, मटेरियल नंतर

दोन्ही बाजू एका टेबलावर बसल्या तेव्हा पहिला प्रश्न हा होता की आपण एकच गोष्ट मोजतो आहोत का.

ग्राहकाचा मीटर १० किंवा १०० व्होल्टचा आहे. पृष्ठरोध मोजण्याच्या एसटीएम ११.११ या प्रमाणित पद्धतीत आधी १० व्होल्ट लावतात, रोध १ मेगाओहम किंवा त्याहून जास्त आला की १०० व्होल्टवर जातात, आणि व्होल्टेज लावल्यावर १५ सेकंदांनी रीडिंग घेतात. इलेक्ट्रोड सपाट वाहक रबराचे असतात. कप्प्यांमध्ये ते बसत नाहीत म्हणून तिथे एसटीएम ११.१३ चा दोन टोकांचा प्रोब वापरतात. त्याची टोकं मऊ असतात.

कारखान्याचा मेगर ५०० व्होल्टचा, आणि त्याच्या तारांना टोकदार पिना. पिन दाबली की ती वरच्या थरात रुतते.

फरकाची दोन कारणं तिथल्या तिथे दिसली. पहिलं, उंबरठ्याजवळच्या मटेरियलमध्ये ओहमचा नियम पाळला जात नाही. टनेलिंगच्या फटींवर जास्त व्होल्टेज आलं की त्यांतून प्रमाणापेक्षा जास्त प्रवाह जातो, म्हणून ५०० व्होल्टवर रोध कमी दिसतो. दुसरं आणि मोठं कारण, पिन थर भेदून आतल्या नळ्यांच्या जाळ्याला टेकते. बोर्डची कड मात्र थरावरच टेकते, आणि भार तिथूनच जायला हवा. म्हणून या वादात ग्राहकाचा मीटर बरोबर होता. मेगर त्याच्या कामासाठी चांगलं यंत्र आहे, मोटारीचं इन्सुलेशन बघायला. या कामाला तो चालत नाही.

मग थराची खात्री करायची होती. लांबच्या पट्टीच्या एका कप्प्यावर मऊ प्रोबने रीडिंग घेतलं: १२ गिगाओहम. तीच जागा ४०० नंबरच्या वॉटरपेपरने पाण्यात ओली करून घासली. व्हर्नियरने ०.१५ मिलिमीटर गेल्याचं मोजलं. कपड्याने पुसलं आणि अर्धा तास वाळवलं. वाट न बघता मोजलं तर ओलाव्यामुळे खोटा कमी रोध येतो. मग पुन्हा त्याच प्रोबने: ४ मेगाओहम. कातडीखाली वाट होती, कातडीत नव्हती. घासण्याचं काम कोरडं कधीही करू नये. नॅनोट्यूबची धूळ श्वासात जाते, आणि वाहक धूळ मशीनच्या पॅनेलमध्ये गेली तर शॉर्ट करते.

ग्राहकाकडे एलसीआर मीटर होता, त्याने आणखी एक पुरावा मिळाला. तळाचा आणि पट्टीचा एकेक तुकडा कापून दोन्ही तोंडांना सिल्व्हर पेंट लावला आणि जाडीतून १०० हर्ट्झ, १ किलोहर्ट्झ, १० किलोहर्ट्झ आणि १०० किलोहर्ट्झवर इम्पिडन्स (उलटसुलट प्रवाहाला होणारा रोध) मोजला. गेटजवळच्या तळाचा आकडा १० किलोहर्ट्झपर्यंत जवळपास तसाच राहिला, म्हणजे सलग वाट आहे. पट्टीच्या तुकड्यात मात्र वारंवारता १० पट केली की इम्पिडन्स जवळपास १० पट घटत होता. हे कपॅसिटरचं लक्षण आहे. आत वाहक बेटं आहेत, त्यांच्यामध्ये पॉलिमरची भिंत आहे. घासल्यावरची ४ मेगाओहमची वाट पृष्ठभागाला समांतर होती. जाडीतून आरपार जाताना दोन्ही बाजूंच्या कातड्या आड येत होत्या.

याच बैठकीत गुरुवारच्या सुट्टीचा धागा सापडला. भोसरीत आठवड्याची औद्योगिक सुट्टी गुरुवारी असते. तारखा लावून पाहिलं तर नापास ट्रेंचा मोठा वाटा शुक्रवारच्या पहिल्या पाळीचा निघाला. गार मोल्डवर पहिले ट्रे निघत होते आणि तेही पेट्यांत भरले जात होते.

उरला मिश्रणाचा प्रश्न. सात ट्रेंचे तुकडे पाषाण भागातल्या एका प्रयोगशाळेत टीजीएसाठी, म्हणजे तापवत वजन मोजत जाण्याच्या चाचणीसाठी, पाठवले. नायट्रोजनमध्ये ६०० अंशांपर्यंत तापवलं की पीपी निघून जातो आणि नळ्या उरतात. मग हवा सोडली की नळ्या जळतात, आणि त्या टप्प्यावर घटलेलं वजन म्हणजे नॅनोट्यूब. शेवटी थोडी राख उरते, ती नळ्या बनवताना वापरलेल्या उत्प्रेरकाची. सात तुकड्यांत प्रमाण १.७ ते २.२ टक्के मिळालं. २३० ग्रॅमच्या एका शॉटमध्ये (मोल्ड एकदा भरताना) हजारो दाणे असतात, त्यामुळे केवळ योगायोगाने एवढा फरक पडत नाही. मास्टरबॅचचा दाणा आणि साधा दाणा आकाराने वेगळे होते, आणि हॉपरच्या कंपनात ते वेगळे होत होते.

नॅनोट्यूबच्या ट्रेमध्ये जाळं जन्मजात नसतं, ते मोल्डमध्ये थिजताना बनतं किंवा मोडतं. पातळ पट्टीत वितळलेलं मटेरियल वेगाने घुसलं की भिंतीजवळ कातर ताण सर्वांत जास्त असतो. नळ्या प्रवाहाच्या दिशेला आडव्या होतात, एकमेकींपासून सुटतात, आणि गार भिंतीला लागून तो थर तसाच थिजतो. पुन्हा एकत्र यायला त्यांना वेळ मिळत नाही. मटेरियल जास्त गरम असेल, मोल्ड कोमट असेल आणि वेग कमी असेल, तर थिजण्याआधी जाळं परत जुळायला काही क्षण मिळतात. ट्रेला मात्र पीपीच्या वितळण्याच्या तापमानाखाली भट्टीत ठेवून फायदा नाही, कारण नळ्यांना हलायला जागाच नसते. ही कल्पना मांडली गेली आणि एका दुपारच्या चाचणीत बाजूला पडली.

विचारात घेतलेले पर्याय

कार्बन ब्लॅक हा पहिला पर्याय होता, कारण तो स्वस्त आहे आणि त्याला मोल्डिंगचा वेग तेवढा बाधत नाही. पण साध्या ग्रेडला पीपीमध्ये १५ ते २० टक्के घालावा लागतो. एवढ्या काळ्या पुडीने पट्ट्या ठिसूळ होतात, आणि बोर्डच्या कडेला काळा डाग लागतो. ग्राहकाच्या प्रयोगात पांढऱ्या कपड्यावर तीनदा घासल्यावर डाग दिसला. तिथेच हा पर्याय संपला. उच्च रचनेच्या, कमी प्रमाणात चालणाऱ्या कार्बन ब्लॅकचा विचार वेळेअभावी पुढे गेला नाही. माझ्या मते या पर्यायाला आणखी एक आठवडा द्यायला हवा होता.

कार्बन फायबरने तंतूंच्या दिशेनुसार रोध बदलतो आणि ट्रे वाकतो. वाहक रंगाचा लेप दोन-तीन महिन्यांच्या वापरात कडांवर सुटतो. हे दोन्ही लवकर बाजूला पडले.

दोन पॉलिमरचं मिश्रण करून नळ्या एकाच पॉलिमरमध्ये जमा करायच्या आणि कमी नळ्यांत जाळं मिळवायचं, हा चौथा विचार. तत्त्वतः तो भक्कम आहे, दुहेरी पर्कोलेशन म्हणतात त्याला. पण नवीन मिश्रणाचा आकसण्याचा दर वेगळा असतो, आणि मोल्ड आधीच कापलेला होता. पाचवा मार्ग म्हणजे आहे ते मटेरियल ठेवून मशीनची सेटिंग बदलणं, आणि सहावा म्हणजे ट्विन स्क्रूवर (दोन स्क्रूंच्या मिसळणाऱ्या यंत्रावर) आधीच मिसळून आणलेला, जास्त नॅनोट्यूबचा तयार दाणा घेणं. शेवटचे दोन निवडले गेले.

प्रत्यक्ष केलेलं काम

आधी दोघांनी मोजणी लिहून ठरवली. सहा जागा, त्यातल्या चार लांबच्या कप्प्यांत. मऊ प्रोब, १५ सेकंद, १० किंवा १०० व्होल्ट. ट्रे निघाल्यावर २४ तासांनी मोजायचा. महिन्यातून एकदा २३ अंश आणि १२ टक्के आर्द्रतेत ४८ तास ठेवलेल्या ट्रेवर खात्री. सरासरी काढायची तर आकड्यांच्या लॉगवर (लॉगॅरिदमवर), आणि लॉट मात्र सरासरीने पास करायचा नाही. बोर्ड सरासरी कप्प्यात बसत नाही, एका कप्प्यात बसतो, म्हणून सहापैकी सर्वांत वाईट जागेचा आकडा ग्राह्य. या शेवटच्या अटीवर कारखान्याने बरीच हुज्जत घातली. पण ती अट बरोबर आहे आणि तिच्यामुळेच पुढे गोष्टी स्पष्ट झाल्या.

मग जुन्याच २ टक्के मिश्रणावर आठ चाचण्या झाल्या: बॅरलचं तापमान २१० किंवा २४५ अंश, इंजेक्शनचा वेग सेकंदाला ८० किंवा ३० मिलिमीटर, मोल्डचं तापमान २० किंवा ५० अंश. प्रत्येक सेटिंगला पहिले १५ शॉट फेकून पुढचे १० ट्रे ठेवले. एक जोडी, २१० अंश, कमी वेग आणि गार मोल्ड, अपूर्ण भरली, तिची रीडिंग धरली नाहीत.

जुन्या सेटिंगला लांबच्या कप्प्यांची लॉग सरासरी २० गिगाओहमच्या आसपास होती. नुसतं तापमान वाढवल्यावर ती ९०० मेगाओहमवर आली. तापमानाबरोबर वेगही कमी केल्यावर २० मेगाओहम. मोल्ड ५० अंशांवर नेल्यावर ५ मेगाओहम. सर्वांत चांगल्या जोडीतलं सर्वांत वाईट रीडिंग ७०० मेगाओहम आलं.

इथे खरा निर्णय होता. ७०० मेगाओहम म्हणजे कागदावर पास, दाण्याचा खर्चही नाही. कारखान्याच्या मालकांचा कल तिथेच थांबण्याकडे होता. पण ७०० आणि १००० मध्ये दीडपटीचा फरक, आणि हे मटेरियल एका हीटर बँडच्या बिघाडाने १०० पट सरकतं. शुक्रवारची सकाळ पुन्हा आली असती. टीजीएतला १.७ टक्क्यांचा आकडा तर तसाच होता. म्हणून सेटिंग पक्की करून त्यावर ३ टक्क्यांचा तयार दाणा घ्यायचा निर्णय झाला. तो मास्टरबॅचपासूनच, पण ट्विन स्क्रूवर मिसळून करून घेतला, म्हणजे हॉपरमध्ये दाणे वेगळे होण्याचा प्रश्न उरत नाही.

३ टक्क्यांवर गेटजवळचा तळ २० ते ६० हजार ओहमवर येणार, हे २.५ टक्क्यांच्या अनुभवावरून दिसत होतं. खालची मर्यादा १ लाख ओहम असेपर्यंत हा मार्ग बंद होता. तेव्हा पहिल्यांदा ग्राहकाला विचारलं गेलं की ही मर्यादा कशासाठी आहे. खूप कमी रोधाच्या पृष्ठभागावर भारित बोर्ड टेकला तर भार एका झटक्यात निघतो आणि चिपला इजा होते, हे एक कारण. बोर्डवर बॅटरी असेल तर ट्रेमधून ती उतरते, हे दुसरं. या बोर्डांवर बॅटरी नव्हती, आणि बोर्ड टेकतो तो लांबच्या-जवळच्या पट्ट्यांवर, तळावर नाही. ग्राहकाच्या डिझाइन विभागाने आठवडाभरात पट्ट्यांसाठी १ लाख ओहम कायम ठेवून तळासाठी खालची मर्यादा १० हजारांवर आणली. जुना आकडा आधीच्या दुसऱ्या उत्पादनाच्या ड्रॉइंगवरून तसाच आला होता.

बाकी बदल छोटे पण आवश्यक होते. मोल्डला चिलरऐवजी टेम्परेचर कंट्रोलर जोडला. तयार दाणा ८० अंशांवर ३ तास सुकवणं सुरू झालं, कारण पावसाळ्यात कार्बनवाला दाणा ओलावा धरतो आणि ट्रेवर चांदीसारख्या रेषा उठतात. ग्राइंडिंगचं, म्हणजे दळून पुन्हा वापरलेल्या टाकाऊ मटेरियलचं, प्रमाण ३० वरून १५ टक्क्यांवर आणलं आणि ते वजन करून घालायचं ठरलं. पुन्हा पुन्हा स्क्रूतून गेल्यावर नळ्या तुटून आखूड होतात, आणि आखूड नळ्यांना जाळ्यासाठी संख्येने जास्त लागतं. शुक्रवारी मोल्ड ५० अंशांवर स्थिर झाल्यावर २० शॉट बाजूला काढायचे, हेही मशीनवर चिकटवलं.

निष्पत्ती

नव्या दाण्यावर तळ २० ते ६० हजार ओहम आणि लांबच्या पट्ट्या २ ते ९ लाख ओहम, अशी रीडिंग पहिल्या लॉटपासून मिळाली. जवळच्या पट्ट्या दीड लाखाच्या आसपास राहतात. हा सगळ्यांत अरुंद भाग आहे, आणि रोजच्या मोजणीत लक्ष तिथे ठेवावं लागतं. १२ टक्के आर्द्रतेत ठेवलेल्या ट्रेवर फरक दुपटीच्या आत राहिला. अँटिस्टॅटिकच्या ट्रेमध्ये मार्चला जे झालं ते इथे होत नाही, कारण नळ्यांना वाफेची गरज नाही.

किंमतही मोजावी लागली. सायकल ३८ सेकंदांवरून ४६ झाली, म्हणजे तासाला ९४ ऐवजी ७८ ट्रे. दाण्याचा खर्च वाढला, आणि त्याचा काही भाग नव्या दरात ग्राहकाने उचलला. ३ टक्क्यांना मटेरियल घट्ट वाहतं, त्यामुळे इंजेक्शनचा दाब वाढला.

पुढच्या सहा महिन्यांत रोधाच्या कारणाने एकही लॉट परत आला नाही. दोनदा लॉट कारखान्यातच अडवला गेला. एकदा बॅरलच्या तिसऱ्या झोनचा हीटर बँड गेला होता आणि पट्ट्यांची रीडिंग ८० मेगाओहमवर चढली. ती मर्यादेच्या आतच होती, पण नेहमीपेक्षा १०० पट वर. फक्त पास-नापास पाहिलं असतं तर हे निसटलं असतं. दुसऱ्यांदा ग्राइंडिंगचं वजन चुकलं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

व्होल्टेज, प्रोबचं टोक आणि मोजण्याच्या जागा पहिल्या सँपलच्या वेळीच लिहून घ्यायला हव्या होत्या. मीटर कॅलिब्रेट करण्यात घालवलेले दहा दिवस एका फोनमध्ये वाचले असते, कारण उत्तर फोनवरच आलं होतं. "पाचशेचा" हा शब्द ऐकल्यावर पुढचा प्रश्न विचारला गेला नाही.

सँपल घेतानाही चूक झाली. ते दिवसभर चाललेल्या गरम मशीनवरचे, सावकाश आणि काळजीपूर्वक काढलेले होते. सँपल मुद्दाम वाईट परिस्थितीत काढायला हवेत: गार मोल्ड, वरच्या मर्यादेचा वेग, खालच्या मर्यादेचं तापमान. त्यातून पास होणारं प्रमाणच उत्पादनाला द्यावं.

मास्टरबॅच वाढवण्याचा रात्रपाळीचा निर्णय कुणाच्या निष्काळजीपणामुळे झाला नाही. पाळीवर तोच एक उपाय हातात होता. एका ट्रेवर जास्त आणि कमी दोन्ही दिसत असेल तेव्हा सरासरी प्रमाणाला हात न लावता दोन जागांमधल्या फरकाचं कारण शोधावं, ही सूचना मशीनशेजारी लिहिलेली असती तर तो लॉट वाचला असता.

आणि मोल्डचं डिझाइन. १.४ मिलिमीटरची पट्टी गेटपासून सर्वांत लांब ठेवणं हे वाहक मटेरियलसाठी वाईट आहे. मोल्ड साध्या पीपीसाठी कापला गेला तेव्हा याचा विचार करण्याची गरज नव्हती. आता त्याच ग्राहकाने याहून लहान ट्रे मागितला आहे, त्यात पट्ट्या १.२ मिलिमीटरच्या आहेत. पहिल्या चाचणीत गेट पूर्वीसारखंच एका टोकाला ठेवलं, तर लांबच्या कप्प्यांत पुन्हा १०० मेगाओहमच्या वरची रीडिंग दिसली. दुसऱ्या मोल्डमध्ये गेट मधोमध घेतलं आहे, आणि त्याचे पहिले ट्रे शुक्रवारी सकाळी, मोल्ड २० अंशांवर असताना काढायचे ठरले आहेत.